करवत आणि चुंबक

१९८१ साली ‘डायग्नोसिस ऑफ बोन अँड जॉइंट डिसऑर्डर्स’ या ग्रंथाचे तीन जाडजूड खंड बाहेर पडले. लेखक डोनाल्ड रेझ्निक आणि गेन निवायामा. हाडांच्या आणि सांध्यांच्या आजारांचे निदान हा विषय, आणि एमआरआयची तर अजून वाटच पाहायची होती. पॉल लॉटरबर यांनी त्याच तंत्राने काढलेले, पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे चित्र १९७३ मध्येच छापले होते खरे, पण अमेरिकेत या यंत्राला रुग्णांसाठी परवानगी मिळाली ती १९८४ मध्ये. म्हणजे सांध्यांच्या एमआरआयचे नाव निघाले की ज्यांची आठवण होते, त्या रेझ्निक यांचा पाया घातला गेला तो साध्या एक्स-रेवर. पुढच्या चार दशकांचा मागोवा घेताना मला ही गोष्ट यंत्रापेक्षाही महत्त्वाची वाटते.

रेझ्निक यांची कर्मभूमी सॅन डिएगो: तिथले कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि माजी सैनिकांचे रुग्णालय. १९७५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘डिश’ हे नाव रूढ केले. या विकारात मणक्यांच्या पुढच्या बाजूने हाड वितळलेल्या मेणासारखे ओघळत जाते आणि मणके एकमेकांना जोडले जातात. लागोपाठ निदान चार मणके असे जोडलेले हवेत, मधल्या गाद्यांची उंची मात्र बऱ्यापैकी टिकलेली हवी, हे निकष पुढच्याच वर्षी आले. ते ठरवताना १०० रुग्णांबरोबर २१५ मृतदेहांचे मणके तपासले होते. फिल्मवर जे दिसते ते प्रत्यक्षात काय असते, हे कापून पाहायचे. ही खोड त्यांना आधीपासूनच होती.

मग एमआरआय आले आणि सगळेच हरखले. एक्स-रेवर हाड दिसे. गुडघ्याची गादी, म्हणजे मेनिस्कस, पाहायची तर सांध्यात सुई घालून औषध आणि हवा भरावी लागे, नाहीतर दुर्बीण घालावी लागे. एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा संदेश टिपते. मेनिस्कस, लिगामेंट, टेंडन यांतले पाणी घट्ट बांधलेले असते, म्हणून ती काळी दिसतात आणि चीर पडली की काळ्यावर पांढरी रेघ उमटते. हाडाच्या मगजातला मुका मारही दिसू लागला. गुडघ्यातले पुढचे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटताना पाय पिळवटतो. मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू नडगीच्या मागच्या बाहेरच्या कडेवर आदळते, आणि चित्रात त्या दोन्ही जागा उजळतात. खेळाडू कसा पडला, हे तो सांगण्याआधीच कळते. आमच्या रेडिऑलॉजीच्या धंद्यात याइतके समाधान क्वचितच मिळते.

पण पांढरी दिसणारी प्रत्येक गोष्ट फाटलेली नसते. टेंडन चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करून असेल, तर धडधाकट असूनही काही चित्रांत उजळते. खांद्यातले सुप्रास्पायनेटस हे टेंडन नेमके तिथेच वळते जिथे ते फाटण्याची शक्यता जास्त. जोडीला प्रत्येक सांध्यात जन्मजात फटी आणि खाचा असतात, काही लिगामेंटना मुळातच दोन-तीन पदर असतात. हे उकलायला आणखी शक्तिशाली चुंबक पुरेसे नव्हते.

सॅन डिएगोच्या गटाने त्यावर काढलेला मार्ग अगदी सुतारी होता. देहदानातून मिळालेला खांदा, मनगट किंवा घोटा आधी एमआरआयमध्ये ठेवायचा. मग तो गोठवून टणक करायचा आणि चित्रे ज्या प्रतलात घेतली त्याच प्रतलात पट्टा-करवतीने त्याचे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे काप काढायचे. काप आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून एकेक रेघ जुळवायची. एका सांध्यासाठी, मग त्यातल्या एका कोपऱ्यासाठी, मग एका लिगामेंटसाठी, वर्षानुवर्षे. कोरिया, ब्राझील, युरोप अशा ठिकाणांहून तरुण डॉक्टर तिथे येऊन हेच शिकत आणि परत जाऊन आपापल्या देशात शिकवत. १९९७ मध्ये सांध्यांच्या एमआरआयवर ‘इंटर्नल डिरेंजमेंट्स ऑफ जॉइंट्स’ हा ग्रंथ निघाला, त्यात रेझ्निक यांचे सहलेखक होते कोरियाचे हुंग सिक कांग. मूळ ग्रंथही फुगत गेला. २००२ ची चौथी आवृत्ती पाच खंडांची आहे. तो सलग वाचून काढल्याचे कोणी सांगितले, तर मी विश्वास ठेवायला जरा वेळ घेईन.

याच काळात दुसरा एक धक्का बसत होता, आणि तो करवतीने सुटणारा नव्हता. १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय वाचले गेले. सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या त्या फक्त ३६ टक्के लोकांच्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या ९९१ जणांचे गुडघे पाहिले, तर मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात काहीच त्रास झालेला नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी वयोमानाने फाटलेल्या मेनिस्कसच्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींवर लुटुपुटीची. वर्षभराने दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता.

म्हणजे चित्र खरे, चीर खरी, कापातही ती सापडेल. पण दुखणे तिचेच असेल असे नाही. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणत रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्यामागून दवाखाने फिरणारे काही कमी नाहीत. रिपोर्टच्या शेवटी ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ असे एक वाक्य टाकून आम्ही मोकळे होतो. ते वाक्य ढालीसारखे वापरण्यापेक्षा, पंचावन्नाव्या वर्षी असे फाटलेले मेनिस्कस गुडघा न दुखणाऱ्यांतही आढळते, ही एक ओळ लिहिली तर रुग्णाचा एखादा फेरा तरी वाचतो. काही रेडिऑलॉजिस्ट आता ती लिहू लागले आहेत. बरेचसे अजून लिहीत नाहीत.