बी पडण्याआधीची मशागत

स्तनाचा कर्करोग स्तनापुरताच राहिला, तर तो सहसा जीव घेत नाही. धोका उत्पन्न होतो तो फुप्फुस, यकृत, हाडे, मेंदू अशा दूरच्या अवयवांत गाठी उद्भवल्यावर. पण याच अवयवांत का? मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर शरीरभर फिरतात.

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली या रोगाने दगावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. २४१ जणांच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. प्लीहेलाही रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. तेव्हा बी कुठेही पडो, रुजते ते मानवेल त्या जमिनीत, असा निष्कर्ष पॅजेट यांनी काढला. मानवणारी जमीन म्हणजे काय, हे मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ नीटसे उमगले नव्हते.

आता असे दिसते की, जमिनीची मशागत काही अंशी गाठच करून घेते, आणि तीही बी पोहोचण्याआधी! हे काम पेशीबाह्य पुटिका करतात. पेशीच्या आवरणासारखेच आवरण असलेल्या या सूक्ष्म पिशव्या निरोगी पेशीही बाहेर टाकत असतात. त्यांच्यापैकी एक्झोसोम नावाच्या पुटिकांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० नॅनोमीटरची असते, यावरून कल्पना यावी. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसण्याची आशा नको.

माँट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांना १९८० च्या दशकात मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने अशा पुटिकांतून टाकून देताना आढळल्या. त्यामुळे बरीच वर्षे पुटिका म्हणजे पेशीचा केरकचरा, असाच समज होता. २००७ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांना पुटिकांत आरएनए सापडले. ते स्वीकारणारी पेशी त्यावरून प्रथिनेही बनवत होती. कचऱ्यात चक्क टपाल निघाले!

टपाल म्हटले की पत्ता आला. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ साली दाखवले की, पुटिकेच्या आवरणावरील इंटेग्रिन नावाची प्रथिने पत्त्याचे काम करतात. अल्फा-६-बीटा-४ असेल तर पुटिका फुप्फुसात उतरते, अल्फा-व्ही-बीटा-५ असेल तर यकृतात. उतरल्यावर ती तेथील पेशींत शिरते आणि दाह वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते. त्यांचा एक प्रयोग मोठा बोलका आहे. फुप्फुसात पसरणाऱ्या स्तनकर्कपेशींच्या पुटिका त्यांनी उंदरांना आधी टोचल्या, आणि नंतर एरवी हाडांत रुजणाऱ्या कर्कपेशी सोडल्या. त्या फुप्फुसात रुजल्या. बी तेच होते, जमीन तेवढी बदलली होती.

अर्थात हे उंदरांत झाले. रोग्याच्या रक्तातील पुटिका वाचून गाठ पुढे कुठे उद्भवेल हे आधीच सांगावे, असे प्रयत्न चालू आहेत. पण रक्तात जवळपास त्याच आकाराचे, मेद वाहून नेणारे कण पुटिकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि त्यांतून पुटिका निवडून काढणे हेच मुळात कष्टाचे काम आहे.