तो रानपिंगळा नाही

दर हिवाळ्यात एक तरी फोटो येतोच. यंदाचा मंगरूळपीरकडून आला. तुरीच्या धुऱ्यावरची बाभूळ, वाळक्या फांदीवर बसलेला मुठीत मावेल एवढा पक्षी, पिवळेजर्द डोळे थेट आपल्याकडे रोखलेले. खाली मजकूर : "सर, रानपिंगया सापडला आपल्या वाशिममंदी!" मी कळवलं, हा साधा ठिपकेवाला पिंगळा आहे. लगेच उत्तर, "पण सर, भर दुपारी बसला होता."

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. रानपिंगळा दिवसा वावरतो, हे खरं. पण म्हणून दिवसा दिसला तो रानपिंगळा, असं होत नाही. आपला गावातला पिंगळाही थंडीत ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. कुणी जवळ गेलं की उडायच्या आधी डोकं खाली-वर करून त्याला नीट न्याहाळतो, मग शेजारच्या फांदीवर जाऊन पुन्हा न्याहाळतो. जंगली पिंगळा हा तिसरा प्रकार तर दिवसाढवळ्या ओरडतोही. तेव्हा घड्याळ बघून पक्षी ओळखायचा नाद सोडा. खुणा त्याच्या अंगावर असतात.

फोटो मोठा करा आणि आधी डोकं बघा. डोक्यावर पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे स्पष्ट दिसले, तर तो ठिपकेवाला पिंगळा. विषय संपला. डोक्यापासून खालपर्यंत बारीक आडव्या पट्ट्याच पट्ट्या असतील, तर जंगली पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करड्या-तपकिरी रंगाचं. आता खाली या. त्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी भरीव असतो आणि त्याखाली पोट स्वच्छ पांढरं. पायांवर दाट पांढरी पिसं, पंजे नि चोच अंगाच्या मानानं दणकट. ठिपकेवाल्याच्या छाती-पोटावर मात्र तुटक तपकिरी खुणा विखुरलेल्या असतात. लांबीवर जाऊ नका. ठिपकेवाला सुमारे 21 सेंटिमीटर, रानपिंगळा 23. दूरच्या फांदीवरचे ते दोन सेंटिमीटर कुणालाच दिसत नाहीत, दिसले असं सांगणारे बरेच भेटतात. आणि मोबाइलच्या फोटोत उन्हामुळे डोक्यावरचे ठिपके पुसट होतात, हेही ध्यानात ठेवा. मंगरूळपीरच्या फोटोत तेच झालं होतं. पोटावरच्या खुणा मात्र साफ दिसत होत्या.

"एवढं काय सर, नाव चुकलं तर चुकलं!" असं मला ऐकवलं जातं. म्हणून चुकीच्या नावाची, खरं तर चुकीच्या लेबलाची, एक गोष्ट सांगतो.

पक्षितज्ज्ञ ह्यूमनं 1873 मध्ये रानपिंगळ्याचं वर्णन छापलं. नमुना आदल्या वर्षी ब्लूइटनं आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझरच्या बाजूला मिळवला होता, म्हणून शास्त्रीय नावात 'ब्लूइटी'. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसननं आणखी काही टिपले, शेवटचा 1884 मध्ये. त्यानंतर सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच कातडी. त्यांतल्या एकावर लिहिलेलं होतं : 1914, मांडवी, गुजरात, संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. मोठं नाव, कोण शंका घेणार? सालिम अली आणि रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी शोध घेऊनही पक्षी सापडला नाही. मधल्या काळात 'दिसला, दिसला' म्हणून जे दाखवलं गेलं, तेही ठिपकेवालेच निघाले. म्हणजे मंगरूळपीरच्या माझ्या मित्राला परंपरा मोठी आहे.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी ते 1914 चं कातडं बारकाईनं तपासलं. कातडं तयार करायची प्रत्येकाची ढब वेगळी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. ही ढब डेव्हिडसनची निघाली. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच जुना नमुना ढापला होता, थोडी डागडुजी केली होती आणि वर आपलं लेबल लावलं होतं. 1999 साली 'आयबिस' या नियतकालिकात हे सगळं पुराव्यानिशी छापून आलं.

पण छापून येण्याआधीच मांडवीचं लेबल बाद धरून शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडे फिरले, मग शहाद्याला आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, उघड्या झाडाच्या शेंड्यावर, दिवसाउजेडी तो बसलेला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार आणि आपला वाशिम हे दोन्ही जिल्हे पुढे एकाच दिवशी झाले, 1 जुलै 1998 ला. '113 वर्षांनी सापडला' म्हणतात, तो आकडा 1884 ते 1997 असा आहे. दरवर्षी नव्यानं फिरवायचा तो आकडा नव्हे.

नंतर तो तोरणमाळ, यावल, मेळघाटात आढळला, 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यात तानसाच्या जंगलातही. आययूसीएननं 2018 मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' गटात आणलं, तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतच आहे. त्याला सागाचं पानगळीचं जंगल लागतं. मेळघाट आपल्यापासून दूर नाही, मध्ये अकोला जिल्हा तेवढा. उद्या काटेपूर्णाच्या जंगलात कुणाला तो खरंच दिसला तर मी आनंदानं पेढे वाटीन. पण सोयाबीनच्या शेतातल्या बाभळीवर बसलेल्या पिंगळ्यासाठी नाही.

पिंगळ्याबद्दलचे बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. पिंगळा म्हणजे घुबडाचं पिल्लू : नाही, तो पुरता वाढलेला वेगळा पक्षी आहे, गव्हाणी घुबडाचं पिल्लू पांढऱ्या लवीचं असतं नि त्याचे डोळे काळे. दिवसा आंधळा असतो : मग तुमच्याकडे टक लावून कोण बघत होतं? मान गर्रकन पूर्ण फिरते : पूर्ण नाही, साधारण 270 अंश; मानेत 14 मणके असतात, आपल्या सात. दगड मारला की तो दगड पाण्यात नेऊन झिजवतो आणि मारणाराही झिजतो : दगड उचलत नाही, पण या भीतीनं पोरं दगड मारत नसतील तर मी या एका बाबतीत गप्प बसायला तयार आहे. घरावर बसला की कुणी तरी जातं : तो दिव्याखालच्या किड्यांसाठी आणि तुमच्या धान्याजवळच्या उंदरांसाठी येतो. कुडमुडं वाजवत पहाटे येणाऱ्या पिंगळ्या जोश्याला त्याची भाषा कळते : जोशीबुवांना दाणे जरूर द्या, पक्षी मात्र आपल्या जोडीदाराशी बोलत असतो.

विश्वास बसत नसेल तर ढोलीखाली जाऊन बघा. बोटाच्या पेराएवढ्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतात, पिंगळ्यानं ओकून टाकलेल्या. काडीनं एक उकला. आत भुंगेऱ्यांच्या पंखांची चकचकीत कवचं आणि उंदराचा इवलासा जबडा मिळेल.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा समोरून, डोकं आणि पोट दोन्ही दिसतील असा पाठवा, जागा नि तारीख लिहा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि नोव्हेंबर ते एप्रिल ढोलीपासून लांब राहा. तेव्हा आत अंडी किंवा पिल्लं असतात.