अडलेल्या म्हशीचे सिझेरियन : धोका कशात आहे?

यंत्रमाग किंवा दुकान सांभाळून दारात एक-दोन दुभती जनावरे बाळगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हैस हे त्यांचे भांडवलच. हे भांडवल सर्वांत जास्त जोखमीत येते ते विण्याच्या वेळी. जनावर अडले आणि डॉक्टरांनी सिझेरियनचे नाव काढले की मालक घाबरतो, 'उद्या बघू' म्हणतो. आम्ही कापडाचे व्यापारी, पशुवैद्य नव्हे. पण या 'उद्या'चा हिशेब प्रत्येक मालकाला ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

म्हैस साधारण दहा महिने दहा दिवसांनी, तर गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते. म्हैस अडण्याचे एक मोठे कारण म्हणजे गर्भाशयाला पडलेला पीळ. लहान चणीच्या कालवडीला मोठ्या विदेशी जातीचे रेतन केले, तर वासरू मोठे होऊन वाटेत अडकते. कधी गर्भाशयाचे तोंडच उघडत नाही. पीळ लवकर ओळखला तर जनावराला आडवे पाडून, पोटावर फळी ठेवून, पिळाच्या दिशेने लोळवून तो सोडवता येतो. ते जमले नाही तर मात्र ऑपरेशन करावे लागते. त्यासाठी बहुधा कुशीची जागा बधिर करून तेथे चीर देतात.

ऑपरेशननंतर पुढील त्रास संभवतात :

१) रक्तस्राव, किंवा थकलेल्या जनावराचे अंग थंड पडून दगावणे.
२) गर्भाशयातील घाण पोटात सांडून पोटाच्या आतील पडद्याला सूज येणे. यात ताप येतो, चारा व रवंथ बंद होते. हा सर्वांत घातक प्रकार.
३) वार अडकणे व गर्भाशयात पू होणे.
४) टाके उसवणे, जखम चिघळणे.
५) गर्भाशय शेजारच्या अवयवांना चिकटणे. असे जनावर पुढे वारंवार उलटते, कधी कायमचे भाकड राहते. त्या वेताचे दूधही घटते.

हे त्रास कोणाला जास्त होतात? ज्या जनावराला उशिरा आणले त्याला. वासरू पोटात मरून एक-दोन दिवस गेले की ते सडते, फुगते. गर्भाशय जीर्ण कापडासारखे होते आणि टाका धरीत नाही. दुसरे कारण आडदांड उपाय. न धुतलेले हात आत घालणे, चार माणसांनी दोरी लावून ओढणे, यांनी आतून फाटते आणि जंतू शिरतात. मग जनावर दगावले की दोष सुरीला दिला जातो. खरे नुकसान सुरी लागण्याआधीच झालेले असते. वासरू जिवंत असताना वेळेवर केलेल्या ऑपरेशनमध्ये जनावर वाचण्याची आशा चांगली असते.

म्हणून पाणमोट फुटून दोन तासांत वासराची प्रगती दिसली नाही, किंवा दिवस भरलेली म्हैस कळा देऊन एकदम थंडावली, तर लगेच डॉक्टर बोलवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. कळा केव्हा सुरू झाल्या, आधी कोणी काय केले, हे डॉक्टरांना खरे खरे सांगावे.

ऑपरेशननंतर जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी, जखमेवर माशी बसू देऊ नये. औषधांचा कोर्स अर्धवट सोडू नये. वार ओढू नये. चारा सुटला, ताप आला वा जखमेतून पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी कळवावे. डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध विकू नये, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो. पुन्हा भरवण्याची घाई न करता गर्भाशय तपासून घ्यावे. जनावराचा विमा असेल तर कानातील बिल्ला आणि डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत.

डॉक्टरांची फी व औषधाचा खर्च भारी वाटतो हे खरे. पण एका बाजूला तो खर्च आणि दुसऱ्या बाजूला म्हशीची पूर्ण किंमत व पुढची वेते मांडून पाहावीत. हा हिशेब अडलेल्या रात्री नव्हे, म्हैस गाभण असतानाच करून ठेवावा आणि डॉक्टरांचा नंबरही तेव्हाच भिंतीवर लिहून ठेवावा.