आधी बैठक भक्कम, मग मासे

भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. शेजारच्या हेमलकशात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा उभी केली. पावसाळ्यात नद्या चढल्या की या भागातील वाटा अडतात, वीज जाते आणि घरातील वृद्धांचे दिवस चार भिंतींत सरतात. अशा दिवसांत विरंगुळा म्हणून माशांची काचपेटी आणावी, असे एखाद्या मुलाला किंवा सुनेला वाटणे स्वाभाविक आहे.

ही कल्पना आरोग्यदृष्ट्याही चांगली आहे. इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मासे पाहणाऱ्यांच्या हृदयाची गती व रक्तदाब कमी झाल्याचे आढळले. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या भोजनकक्षात काचपेट्या ठेवल्या, तेव्हा रुग्णांचे जेवण आणि वजन वाढले. मात्र जिथे दवाखान्याची वाट नदी अडवू शकते, तिथे अपघात टाळणे हाच पहिला उपचार होय. म्हणून माशांचा विचार करण्याआधी पेटीच्या बैठकीचा विचार करावा.

वजनाचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काच आणि तळाची वाळू धरली की एकूण भार सत्तर किलोंच्या घरात जातो. जुने टीपॉय, दूरदर्शनसंचाचे टेबल किंवा प्लास्टिकचे स्टूल हा भार कायम पेलण्यासाठी बनवलेले नसते. भुशाच्या दाबीव फळ्या ओलाव्याने फुगतात व खचतात. आलापल्लीच्या सागवानाची ख्याती असलेल्या या मुलखात सुताराकडून सागाचा मजबूत घोडा करून घेणे कठीण नाही. गंजरोधक रंग दिलेला लोखंडी सांगाडाही चालेल. त्याची वरची फळी पेटीच्या तळापेक्षा लहान नसावी.

मांडणी

जमीन मातीची किंवा सारवलेली असेल, तर पायांखाली फरशीचे सपाट तुकडे बसवावेत. गवंड्याच्या पाणसळीने घोड्याचा माथा लांबी-रुंदीत तपासावा. पेटीला तळाची चौकट नसेल, तर खाली थर्माकोलचा एकसंध पत्रा घालावा. एखाद्या खड्यानेही काचेवर ताण येऊन ती तडकू शकते. रिकामी पेटी प्रथम अंगणात सपाट जागी भरून एक दिवस गळती पाहावी. मग ती पूर्ण रिकामी करून दोघांनी उचलून जागेवर ठेवावी. पाणी टप्प्याटप्प्याने भरावे आणि अर्धी भरल्यावर पाणसळ पुन्हा लावावी. भरलेली पेटी कधीही सरकवू नये.

हात कुठे टेकेल?

तोल जाणाऱ्या माणसाचा हात जवळच्या वस्तूकडे जातो, हे शुश्रूषा करणाऱ्यांना ठाऊक असते. ती वस्तू काचपेटी असता कामा नये. पलंग ते न्हाणीघर या वाटेपासून पेटी दूर ठेवावी. घोडा लोखंडी पट्टीने पक्क्या भिंतीला जखडावा आणि आजी-आजोबांच्या खुर्चीशेजारी स्वतंत्र आधारदांडा बसवावा. घोड्याची उंची अडीच फुटांच्या आसपास असली, तर मासे बसल्या जागेवरून नजरेसमोर येतात.

वीज आणि पाणी

पेटीवर घट्ट झाकण असावे. वायर आधी खाली झोळ देऊन मगच सॉकेटकडे न्यावी, म्हणजे ओघळणारे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतील. जोडणीला अर्थिंग व गळती-रोधक स्विच हवा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. नाही तर वीज जाताच पाणी नळीतून उलट येऊ शकते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करावीत.

दर आठवड्याला थोडे पाणी बदलण्याचे काम घरच्या तरुणाने करावे, बादली वृद्धांना उचलू देऊ नये. सांडलेले पाणी लगेच पुसावे. हातावर जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, पाण्यात हात घालू नये. या पाण्यातील काही जिवाणू त्वचेत चिवट गाठी निर्माण करतात. मासे नकोसे झाले, तरी ते नदीत सोडू नयेत.

एवढी तयारी एकदा झाली की आजोबांच्या वाट्याला एकच काम उरते : रोज ठरल्या वेळी चिमूटभर खाद्य टाकणे. बाहेर पाऊस कोसळत असताना कुणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव वृद्धापकाळी औषधाइतकीच मोलाची असते.