वरून सोनेरी, आत किती अंश?

१८९५ सालचा डिसेंबर. बेल्जियममधल्या एलेझेल या खेड्यात एका वृद्धाची अंत्ययात्रा निघाली. गावच्या बँडने तीत वाजवले आणि नंतर रिवाजाप्रमाणे सगळे वादक खानावळीत जेवायला बसले. ताटात हॅम होते, खारवलेले पण न शिजवलेले. त्यानंतर एकेकाची दृष्टी धूसर होऊ लागली. कुणाला एकाचे दोन दिसू लागले, कुणाच्या पापण्या उचलेनात, कुणाला घास गिळता येईना. ३४ वादकांपैकी तिघे दगावले. गेंट येथील एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने उरलेल्या हॅममधून एक जिवाणू वेगळा काढला. हवा नसेल तिथेच वाढणारा आणि अतिशय जहाल विष तयार करणारा हा जिवाणू आज क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या नावाने ओळखला जातो. ‘बोटुलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. हॅमने उघडकीला आणलेल्या जिवाणूला नाव मात्र सॉसेजचे मिळाले, कारण त्याआधी जर्मनीत सॉसेज खाऊन असेच लोक मरत असत.

आज नाताळच्या जेवणात अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मधोमध येऊन बसणारे चकचकीत, लवंगा टोचलेले हॅम पाहून हे काही आठवत नाही. आठवू नये इतके ते सुरक्षित झाले आहे, पण ते तसे कशामुळे झाले हे माहीत असले तर ओव्हनसमोर होणाऱ्या निम्म्या चुका टळतात. परदेशात राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच पाच किलोंचे धूड घरी आणणाऱ्या मराठी कुटुंबांना, तसेच वांद्रे, वसई किंवा पणजीत नाताळसाठी कोल्ड स्टोरेजमधून हॅम आणणाऱ्यांनाही हे उपयोगी पडावे.

हॅम म्हणजे डुकराचा मागचा पाय. तो टिकवण्याची पद्धत थंड देशांची. पानगळ संपता संपता डुकरे कापायची, काही मांस लगेच खायचे आणि पाय मिठात मुरत ठेवायचे. हाडापर्यंत मीठ पोहोचायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस मांस सडू नये म्हणून बाहेर थंडी हवी. कोकणात हे जमले नसते. तिथे मीठ आणि ऊन यांच्या जोरावर बोंबील आणि सुकट टिकली. गोव्यात डुकराच्या मांसाला व्हिनेगर लागले. सोरपोतेल दोन-तीन दिवसांनी अधिक चविष्ट लागते म्हणतात, त्याच्या टिकण्यामागे आम्लाचा मोठा वाटा आहे, कारण पुरेशा आंबट माध्यमात बोटुलिनम वाढत नाही. हॅम आंबट नसते. त्याचे रक्षण करतात मीठ, थंडी आणि नायट्राइट.

पूर्वी मिठाबरोबर सोरा वापरत. सोऱ्यातल्या नायट्रेटचे जिवाणूंमुळे नायट्राइट होते आणि खरे काम हे नायट्राइटच करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले. ते बोटुलिनमच्या बीजाणूंना डोके वर काढू देत नाही. शिवाय त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतो आणि उष्णता लागली की त्यातून पक्का गुलाबी रंग तयार होतो. मटण शिजले की तांबडे जाऊन तपकिरी होते, म्हणून आपल्याकडे रंगावरून अंदाज बांधायची सवय आहे. हॅमच्या बाबतीत ही सवय घात करते. ते शिजवण्याआधी गुलाबी असते, शिजल्यावरही गुलाबीच राहते.

म्हणून पहिले काम म्हणजे वेष्टन वाचणे. अमेरिकेतल्या दुकानांतली बहुतेक हॅम कारखान्यातच शिजवलेली असतात. मिठाचे पाणी सुयांनी आत भरून, धुरी देऊन, शिजवून ती बंद केलेली असतात. घरी ती फक्त गरम करायची. अशा हॅमचा मध्य ६० अंश सेल्सिअसला पोहोचला की पुरे. मूळ वेष्टन उघडून दुकानदाराने पुन्हा बांधून दिलेले असेल, तर ७४ अंश. ‘खाण्यापूर्वी शिजवा’ असे लिहिलेले हॅम मात्र कच्चे समजायचे. त्याचा मध्य ६३ अंशांना जायला हवा आणि बाहेर काढल्यावर किमान तीन मिनिटे ते तसेच ठेवायला हवे. व्हर्जिनिया-केंटकीकडचे ‘कंट्री हॅम’ ही आणखी वेगळी जात. ते कोरडे खारवून महिनोन्‌महिने टांगलेले असते आणि इतके खारट असते की शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजत ठेवावे लागते. ‘फ्रेश हॅम’ या नावात हॅम असले तरी त्याला मीठ लागलेलेच नसते. तो साधा डुकराचा पाय असतो आणि शिजल्यावर पांढुरकाच दिसतो. तो गुलाबी झाला नाही म्हणून तासन्‌तास ओव्हनमध्ये ठेवणारेही असतात.

हे अंश मोजायला स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो, त्याला पर्याय नाही. टोक सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचे. ओव्हन १६३ अंशांवर ठेवला, तर शिजवलेल्या अखंड पाच किलो हॅमला सुमारे पावणेतीन ते सव्वातीन तास लागतात. भांड्यात थोडे पाणी घालून वरून फॉइल घट्ट लावले तर मांस कोरडे पडत नाही. मिठामुळे हॅमच्या स्नायूंतली काही प्रथिने आधीच विरघळून पाणी धरून बसलेली असतात, म्हणून ते इतका वेळ तग धरते. तरीही मध्य ६५ अंशांच्या पुढे गेला की प्रथिने आकसतात आणि तेच पाणी पिळून बाहेर टाकतात. आधीच काप पाडून मिळणाऱ्या ‘स्पायरल’ हॅमला तर फारच जपावे लागते, कारण प्रत्येक फटीतून वाफ निघून जाते.

आता ग्लेझ. ब्राउन शुगर किंवा मध, मोहरीची पेस्ट, थोडे व्हिनेगर नाहीतर अननसाचा रस, आणि लवंगा. मंडळी ते हौसेने पहिल्याच मिनिटाला माखतात आणि तासाभरात घरात करपल्याचा वास सुटतो. वरून काळे, आत फ्रिजइतके थंड. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो असा.

याचे कारण साखरेत आहे. मांसाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत ओव्हन कितीही तापला तरी तिथले तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी आटले की तापमान भराभर चढते. साधी साखर १६० अंशांच्या आसपास कॅरॅमल होऊ लागते, पण मधात भरपूर असलेले फ्रुक्टोज ११० अंशांनाच रंग धरते. व्हिनेगर किंवा अननसाच्या आम्लाने साखरेचे रेणूही फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणजे तीही लवकर तांबूस होते. ब्राउन शुगरमध्ये मळीचा अंश असतो. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना मळी म्हटले की निराळाच वास आठवेल, पण ग्लेझचा गडद रंग आणि किंचित कडवट चव तिचीच. त्याच वेळी साखर आणि मांसातली प्रथिने यांच्यात मेलार्ड अभिक्रिया सुरू होते. पाव भाजताना किंवा कांदा परतताना येणारा खमंगपणा तो हाच. हे सगळे व्हायला वीस ते तीस मिनिटे पुरतात. म्हणून मध्य ५० अंशांच्या पुढेमागे आला की फॉइल काढायचे, चरबीवर पाव इंच खोल चौकटी चिरायच्या, ग्लेझ लावायचे आणि ओव्हन थोडा वाढवायचा. अखेरची दहा मिनिटे ओव्हनसमोरून हलायचे नाही. चिक्कीचा पाक करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

चौकटीचौकटीत टोचलेल्या लवंगा दिसायला छान, पण त्या मोजक्याच असाव्यात. त्यांतले युजेनॉल दातदुखीवर लावायच्या लवंगतेलातलेच. फार झाले तर जीभ बधिर होते आणि जेवणाला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. वाढण्यापूर्वी लवंगा काढून टाकाव्यात, लहान मुलांच्या ताटात तर एकही जाऊ नये. कापांवर कधी कधी हिरवट-जांभळी झाक दिसते. स्नायूंच्या तंतूंवरून प्रकाश विखुरल्यामुळे ती येते. वास आणि स्पर्श ठीक असेल, तर तेवढ्यावरून हॅम फेकायचे कारण नाही.

खरा धोका जेवणानंतरचा. १९७५ च्या फेब्रुवारीत टोकियोहून अलास्कामार्गे पॅरिसला निघालेल्या एका विमानात न्याहारीला हॅम आणि ऑम्लेट दिले गेले. कोपनहेगनला उतरेपर्यंत उलट्या-जुलाब सुरू झाले. १९६ प्रवासी आणि एक कर्मचारी आजारी पडले. तपासात निघाले ते असे, की हॅम हाताळणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटांवर जखमा होत्या आणि अन्न बराच वेळ पुरेसे थंड न करता ठेवले गेले होते. कारण होते स्टॅफिलोकॉकस ऑरियस. बहुतेक जिवाणूंना हॅममधले मीठ सोसत नाही, याला सोसते. प्रतिस्पर्धी नसलेल्या मैदानात तो खुशाल वाढतो आणि त्याचे विष नंतर गरम केल्याने नष्ट होत नाही. ‘खाण्यापूर्वी पुन्हा तापवू’ हा हिशेब इथे चुकतो. कापणाऱ्याच्या बोटावर जखम असेल, तर सुरी दुसऱ्याच्या हाती द्यावी. हॅम टेबलावर दोन तासांहून जास्त राहू नये. उरलेले मांस हाडापासून सोडवून, पसरट डब्यांत पातळ थरात भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. गर्भवतीने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी थंड काप खाऊ नयेत, वाफा येईपर्यंत तापवूनच खावेत, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढत राहतो.

राहिला नेहमीचा प्रश्न, हॅमने कॅन्सर होतो का? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात असल्याने मोठा गहजब झाला. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नव्हे. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. यातला ‘रोज’ महत्त्वाचा. वर्षातून एकदा नाताळला खाल्लेले दोन काप वेगळे आणि मुलांच्या डब्यात रोज जाणारे हॅम सँडविच वेगळे. ‘नायट्राइट न घातलेले’ अशी पाटी पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी खालची बारीक अक्षरेही वाचावीत. तिथे अनेकदा सेलेरीची पूड लिहिलेली असते. त्या भाजीत नैसर्गिक नायट्रेट भरपूर असते, त्याचे नायट्राइट करूनच ती वापरतात आणि रेणू तोच असतो.

मिठाचा हिशेब मात्र एका जेवणापुरताही करावा लागतो. हॅमच्या साधारण ८५ ग्रॅम कापात एक ग्रॅमच्या पुढे-मागे सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी घातलेली मर्यादा दोन ग्रॅमची आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्याने एका पातळ कापावर थांबावे, आणि यजमानाने शेजारी ठेवायचे बटाटे, बीन्स बिनमिठाचे उकडावेत. हाड फेकायचे नाही. ते फ्रीझरमध्ये टाकले की पुढे महिनाभरात कधीही वाटाण्याच्या सूपमध्ये उकळता येते. फक्त त्या सूपमध्ये चाखून पाहिल्याशिवाय मीठ घालायचे नाही.