विश्लेषण : मुलगा परदेशात, गाडी मुलुंडमध्ये, बिघाडाची तक्रार कोण करणार?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशी एखादी गाडी असतेच, जिचा नोंदणीकृत मालक न्यू जर्सी किंवा दुबईत असतो आणि गाडी चालवतात त्याचे वडील. हप्ते मुलाच्या खात्यातून जातात, सर्व्हिसिंगला गाडी वडील नेतात. सगळे सुरळीत असेपर्यंत आरसीवर नाव कुणाचे, याची कुणी फिकीर करत नाही. मात्र गिअरबॉक्स तिसऱ्यांदा बिघडला, की काउंटरवर हमखास विचारले जाते, ‘गाडी तुमच्या नावावर आहे का?’

मालक नसलेल्या वडिलांना तक्रार करता येते का?

येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील कलम २(७) नुसार, वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ‘ग्राहक’ ठरते. त्यामुळे मुलाच्या संमतीने गाडी घरगुती कामासाठी वापरणारे वडील स्वतःच्या नावाने तक्रार करू शकतात. गाडी भाड्याने किंवा धंद्यासाठी चालवली जात असेल, तर मात्र अडचण येते. मुलाचे लेखी संमतीपत्र जोडलेले बरे. पैसे परत किंवा गाडी बदलून मागायची असेल, तर ते कुणाला मिळणार, हा प्रश्न पुढे निघतोच.

तक्रार कुठे करायची, याचे उत्तर याच कायद्याने सोपे केले आहे. पूर्वी विक्रेता जिथे असेल तिथे जावे लागे किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो, त्या ठिकाणीही तक्रार चालते. वर नाव घेतलेली चारही उपनगरे मुंबई उपनगर जिल्ह्यात येतात. या जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना महाविद्यालयाजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगातच जाते. नुकसानभरपाई किती मागितली, यावर ते ठरत नाही. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी ४०० रुपये.

मुलगा स्वतः तक्रारदार असेल, तर त्याला विमानाचे तिकीट काढण्याची गरज नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर अनिवासी भारतीयांनाही नोंदणी करता येते. व्हिडीओ कॉन्फरन्सद्वारे सुनावणीची मागणीही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. ती आदेश देत नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर मिळाले, तर ते पुढे कामाला येते.

अशी प्रकरणे अडतात कुठे?

बहुतेक वेळा पुराव्यावर. गाडीत उत्पादनदोष आहे, हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्लचच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर तेवढ्यावरून पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड सांभाळायला हवे. त्यावर ‘जनरल चेकअप’ असे लिहून घेण्यात अर्थ नाही. ‘चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके देते’ अशी नेमकी तक्रार आणि किलोमीटरचा आकडा त्यावर हवा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात बराच अधिक वेळ धरून चालावे.

परदेशात राहणाऱ्या मुलांना याचे नवल वाटते, कारण तिथले चित्र वेगळे असते. न्यू जर्सीच्या ‘लेमन लॉ’नुसार नव्या गाडीतील तोच गंभीर दोष पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४ हजार मैलांच्या आत तीनदा दुरुस्त करूनही राहिला, तर गाडी सदोष मानली जाते. सिंगापूरमध्ये २०१२ पासून पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता, असे गृहीत धरतात. तो नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचे. भारतात गाड्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. आहे ती मोटार वाहन कायद्यातील कलम ११०अ ची रिकॉलची तरतूद. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांत सुरक्षेशी संबंधित दोष आढळला, तर ती परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. वाहनमालक पोर्टलवर दोष नोंदवू शकतो.

आरसीवरच्या नावाचा धोका काय?

तक्रारीत नावाची अडचण सुटते, अपघातात सुटत नाही. २००७ मध्ये विकलेली एक कार पुढे हात बदलत गेली, पण आरसीवर पहिल्याच मालकाचे नाव राहिले. २००९ मध्ये तिने अपघात केला. विमाही नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. परदेशी जाताना मित्राला ‘कागद नंतर करू’ म्हणून किल्ली देणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

विम्यातली एक गोष्ट तर बहुतेक घरांत कुणाला ठाऊकच नसते. पॉलिसीसोबत घेतले जाणारे १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात कवच ‘मालक-चालका’साठी असते. मालक मुलगा असेल, तर गाडी चालवणारे वडील त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे कवच घ्यावे लागते.

तिसरी अडचण सिमकार्डाची. परदेशात गेल्यावर जुना नंबर बंद होतो. ई-चलन मात्र त्याच नंबरवर येते आणि आधारशी जोडलेला ओटीपीही. आरटीओची ऑनलाइन कामे तिथेच थांबतात. निघण्याआधी गाडी वडिलांच्या नावे करणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटले असल्यास बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म ३५. अंधेरीच्या एमएच-०२ गाडीसाठी अंधेरी, एमएच-४७ साठी बोरिवली, तर मुलुंड-घाटकोपरच्या एमएच-०३ साठी वडाळा कार्यालय. मुलगा आधीच गेला असेल, तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवावे. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

गाडी विकायचीच असेल, तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे अधिकृत नोंदणी असलेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरला द्यावी. पोर्टलवर ताबा दिल्याची नोंद झाली, की पुढच्या घटनांसाठी डीलरच मालक मानला जातो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून ‘नो क्लेम बोनस’चे प्रमाणपत्र मागून घ्यावे, तीन वर्षांच्या आत परतून नवी गाडी घेतली, तर ही सवलत नव्या पॉलिसीत वापरता येते.