सर्व्हिस मोटारी ते निधिवाटपाचे सूत्र: धनंजयराव गाडगीळांची कामाची रीत

१९३५ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लेखक होते संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी गोगटे. पुढे देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेल्या या अर्थशास्त्रज्ञाचा पिंड कसा होता, हे या पुस्तकाच्या नुसत्या विषयावरूनही कळते.

त्या काळात सर्व्हिस मोटारी, म्हणजे भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बस, चालवणारे बहुतेक छोटे मालक होते. रेल्वेला त्यांची स्पर्धा खुपत होती, आणि मोटारींवर नियंत्रण आणावे की नाही याची चर्चा सरकारदरबारी सुरू होती. अशा वेळी अभ्यासकाने काय करायचे? आधी वाहतूक नेमकी कोण करतो ते शोधायचे. गाडी कोणाची, भांडवल कोठून आले, भाडे कोण ठरवतो, पावसाळ्यात कोणते रस्ते बंद पडतात, गाडीच्या झिजेचा खर्च मालक हिशेबात धरतो का? हा शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो कळीचा आहे. झीज न धरता आकारलेले भाडे प्रवाशाला स्वस्त पडते, मात्र गाडी निकामी झाली की नवी घ्यायला मालकाजवळ पैसा उरत नाही. असा धंदा बाहेरून तेजीत दिसतो आणि आतून पोखरत जातो. पुढे १९३९च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याची पद्धत आणली, आणि १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सरकारने या धंद्यात का उतरावे, या वादाला आकडे आणि वर्णन यांचा आधार हवा असतो. तो असल्या पाहण्यांतून मिळतो.

ही नजर गाडगीळांना आधीपासूनच होती. जन्म नाशिकचा, १९०१चा. केंब्रिजमधला त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक म्हणून निघाला, भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरचा. शहरी कारागिरी का ढासळली याची कारणे त्यांनी त्यात वेगवेगळी केली: राजदरबार नाहीसे झाले तसे गिऱ्हाईक गेले, परकी सत्तेखाली नव्या वरच्या वर्गाची आवडनिवड बदलली आणि यंत्राच्या मालाशी स्पर्धा आली. सगळा दोष एकाच कारणावर ढकलायचा मोह त्या काळात फार मोठा होता. तेविशीच्या तरुणाने तो टाळला, याचे मला विशेष वाटते.

१९३० साली भारत सेवक समाजाने रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले संस्था उभी केली. गाडगीळ तेव्हापासून १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहर असे अभ्यास तिथे झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीत तर प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजले गेले. त्याच प्रवरेच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सुरुवातीची वर्षे गाडगीळांनी सांभाळले.

१९५९ मध्ये त्यांनी आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर पुस्तक लिहिले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोणत्या प्रदेशात कोणत्या जातीजमाती व्यापार, सावकारी करत होत्या आणि नव्या उद्योगांत त्यांपैकी कोण शिरले, याचा हा शोध. बसमालक कोण हा प्रश्नच इथे इतिहासात मागे जाऊन विचारलेला आहे.

संघराज्याचा विचारही ते १९४०च्या दशकापासून पुस्तकांतून मांडत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने ते उभे राहिले, १९६६ला राज्यसभेत गेले आणि १९६७ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती. राज्यांच्या योजनांना केंद्राने द्यायची मदत तोवर बरीचशी योजनावार आणि वाटाघाटीने ठरत असे. ती एका उघड सूत्राने ठरवायची, असे चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी ठरले.

गाडगीळांचे सूत्र असे. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी भागवायच्या. उरलेल्या रकमेचे ६० टक्के इतर राज्यांत लोकसंख्येनुसार वाटायचे. उरलेल्या ४० टक्क्यांचे १०-१०चे चार भाग: दरडोई उत्पन्न, राज्याचे करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी. समजा वाटायला १०० कोटी आहेत आणि एका राज्यात या इतर राज्यांच्या एकूण लोकसंख्येपैकी दहावा हिस्सा राहतो. त्याला ६ कोटी तर ठरलेलेच, मग तिथे सरकार कोणत्याही पक्षाचे असो. उत्पन्नाचे १० टक्के मात्र राष्ट्रीय सरासरीपेक्षा गरीब राज्यांनाच मिळायचे, म्हणून महाराष्ट्राला त्या भागातून काहीच नाही. या इतर राज्यांना मिळालेल्या मदतीत ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. ही कर्जाची बाजू राज्यांना पुढे जड गेली, आणि सूत्राचा खरा कमकुवत दुवा मला तोच वाटतो.

३ मे १९७१ला गाडगीळ गेले. सूत्र नंतर बदलत गेले. १९८०मध्ये चालू प्रकल्पांचा भाग काढून गरीब राज्यांच्या उत्पन्नाचा भाग २० टक्के केला गेला, आणि १९९१मध्ये गाडगीळ-मुखर्जी सूत्र आले. २०१५मध्ये नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि या सूत्राने होणारे वाटप संपले. आता निधीच्या वाट्यासाठीची राज्यांची ओढाताण मुख्यतः वित्त आयोगापुढे होते. पंधराव्या आयोगाने राज्यांतील करवाटपात लोकसंख्येला १५ टक्के आणि उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के भार दिला. गाडगीळांच्या ६० आणि १०शी त्यांची तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे, की हा पैसा करांच्या वाट्याचा आहे, योजनांच्या मदतीचा नव्हे.